घरच्या बिअरचा फेस टिकत नाही? ग्लासपासून सुरुवात करा, माल्टपर्यंत मागे जा

बिअर चवीला छान झाली, रंगही हवा तसा उतरला, पण ओतल्यावर आलेला फेस मिनिटभरात विरतो आणि वर चार बुडबुडे तेवढे उरतात. घरी नव्याने बिअर करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार, आणि तिच्यावरचा सल्लाही ठरलेला: पुढच्या वेळी थोडा गहू घाल. हा सल्ला चुकीचा नाही, पण तो सुरुवात भलत्या टोकाकडून करतो. चांगल्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यात, फेसापुरतं प्रथिन मुळातच असतं. ते वाटेत कुठेतरी खर्ची पडतं, किंवा शेवटी ओशट ग्लासात गेल्यावर निकामी होतं. म्हणून हा लेख उलट्या क्रमाने लिहिला आहे. पहिल्या पायऱ्यांना पाच-दहा मिनिटं लागतात आणि हातात असलेल्या बाटल्यांवरच त्या करून पाहता येतात. शेवटच्या पायऱ्यांसाठी नवी बॅच लावावी लागते. घरी बिअर बनवण्याबद्दलचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते आधी पाहून घ्या.

फेस कशाचा बनतो आणि का मरतो

फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे आणि त्यांच्याभोवतीची प्रथिनांची पातळ कातडी. ही प्रथिनं जवातून येतात. एलटीपी-१ आणि प्रोटीन झेड ही त्यातली दोन महत्त्वाची. वर्ट, म्हणजे माल्टपासून काढलेलं गोड पाणी, उकळताना त्यांची घडी थोडी उलगडते आणि पाण्यापासून दूर पळणारा त्यांचा भाग उघडा पडतो. असं प्रथिन आपसूक बुडबुड्याच्या कडेला जाऊन बसतं. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, त्यांतली कडू द्रव्यं या प्रथिनांना एकमेकांशी बांधतात. कडवट बिअरचा फेस घट्ट असतो आणि ग्लासच्या भिंतीवर जाळी सोडत खाली येतो, तो या बांधणीमुळे.

मरताना फेस तीन वाटांनी मरतो. बुडबुड्यांच्या मधली बिअर खाली निथळून जाते. शेजारच्या दोन बुडबुड्यांमधला पडदा फाटून त्यांचा एक होतो. आणि तिसरी वाट नवख्यांना माहीत नसते: लहान बुडबुड्यात दाब जास्त असतो, त्यामुळे त्यातला गॅस शेजारच्या मोठ्या बुडबुड्यात झिरपतो. लहान नाहीसा होतो, मोठा आणखी फुगतो. म्हणून बारीक आणि एकसारख्या बुडबुड्यांचा फेस टिकतो, लहानमोठ्या मिसळीचा टिकत नाही.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. एकदा फेसात जाऊन सुकलेलं प्रथिन पुन्हा पहिल्यासारखं काम देत नाही. फर्मेंटरच्या, म्हणजे आंबवण्याच्या भांड्याच्या, भिंतीवर चिकटलेला फेस, सायफनमधून धबाधबा पडताना झालेला फेस, केग (बिअरचं धातूचं पिंप) हलवताना आत झालेला फेस, हे सगळं तुमच्या ग्लासातल्या फेसातून वजा होतं. पुढची प्रत्येक पायरी वाचताना हा हिशेब डोक्यात ठेवा.

जवळ काय हवं

- सरळ भिंतीचे दोन एकसारखे काचेचे ग्लास आणि मोजपट्टी
- सेकंद दाखवणारं घड्याळ
- धुण्याचा सोडा, साधं मीठ, ग्लाससाठी स्वतंत्र ब्रश
- एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा
- थर्मामीटर आणि हायड्रोमीटर (वर्टचं गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, मोजायला)
- पीएच मीटर. नसेल तर मॅशच्या (धान्य गरम पाण्यात भिजवून ठेवण्याच्या) पायरीचं थोडं अंदाजाने करावं लागेल
- तुमच्याच प्रकारच्या विकतच्या बिअरची एक बाटली, तुलनेसाठी
- बॅचची वही: वापरलेलं धान्य, तापमानं, साखरेचं वजन, बाटलीत भरल्याची तारीख

१. आधी मोजा

“फेस टिकत नाही” हे मोजल्याशिवाय बोलू नका. बऱ्याचदा फेस टिकत नसतो असं नाही, तो मुळात येतच नसतो, आणि या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

तुमची बिअर आणि विकतची बिअर एकाच तापमानाला, ६ ते ७ अंश सेल्सियसला, आणा. दोन्ही ग्लास सारखेच धुतलेले हवेत. प्रत्येकात २५० मिली बिअर एकाच उंचीवरून, ग्लास उभा ठेवून, मधोमध ओता. लगेच फेसाची उंची मोजा. मग एक, दोन, तीन आणि पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. उंची निम्मी व्हायला किती वेळ लागला, हा तुमचा आकडा. फेस ठरावीक वेळात निम्मा, पुन्हा तेवढ्याच वेळात त्याच्या निम्मा, अशा चालीने कमी होतो. म्युनिकचे भौतिकशास्त्रज्ञ आर्न्ड लाइके यांनी हे मोजून दाखवलं आणि २००२ साली त्यांना त्याबद्दल इग्नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाचं पारितोषिक, मिळालं. आपल्या दृष्टीने त्याचा उपयोग असा की एका आकड्यावरून दोन बॅचची तुलना करता येते.

आता निष्कर्ष. दोन्ही ग्लासांतला फेस पडला, तर दोष ग्लासचा. विकतच्या बिअरचा टिकला आणि तुमचा आलाच नाही, तर गॅस कमी आहे. खात्री करायची तर ग्लास हातात धरून जोरात गोल फिरवा. तेवढ्याने वर चांगला, टिकणारा फेस चढला तर प्रथिनं शाबूत आहेत, फक्त गॅस वाढवायचा आहे. तुमचा फेस आला, पण लगेच कोसळला, तर गडबड पाचव्या पायरीपासून पुढे कुठेतरी आहे.

२. ग्लास

फेसाचा पहिला शत्रू चरबी. तिचा अगदी पातळ थरही बुडबुड्याच्या कातडीत घुसून प्रथिनांना बाजूला सारतो आणि पडदा तिथे फाटतो. भांडी घासायच्या साबणाचा राहिलेला अंश हेच करतो. स्वयंपाकघरातला ग्लास दिसायला लखलखीत असला तरी या कसोटीवर सहसा नापास होतो, कारण तो तेलकट भांड्यांच्याच स्पंजने घासलेला आणि त्याच कापडाने पुसलेला असतो. त्यातून दूध प्यायलेलं असेल तर विचारूच नका.

ग्लास असा धुवा:

लिटरभर गरम पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा. हातमोजे घाला, हा सोडा त्वचेला चांगला नाही. ग्लाससाठीच ठेवलेल्या ब्रशने आतून घासा, काठ विसरू नका. ओठांचा ओशटपणा काठावरच जमतो. मग गार वाहत्या पाण्याखाली तीन-चार वेळा खळबळा. पुसू नका. जाळीवर उलटा ठेवून वाळू द्या, म्हणजे आत हवा खेळेल. कापडावर पालथा घातला तर आत कोंदट वास धरतो आणि कापडाचे धागेही चिकटतात.

धुतलेला ग्लास तपासायच्या दोन सोप्या रीती आहेत. पाण्यात बुडवून वर काढा: स्वच्छ काचेवरून पाणी सलग पडद्यासारखं उतरतं, ओशट काचेवर ते तुटून थेंब होतात. किंवा ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरा: स्वच्छ भागावर मीठ सारखं चिकटतं, चरबीच्या जागा उघड्या राहतात. बिअर ओतल्यावरही एक खूण दिसते. ग्लासच्या आतल्या भिंतीला, फेसाच्या खाली, बुडबुडे चिकटून बसले असतील तर तिथे मळ आहे.

भांडी धुण्याच्या यंत्रात बिअरचे ग्लास घालू नका. त्यात चमक यावी म्हणून वापरतात ते द्रव्य काचेवर थर सोडतं, आणि तो थर फेसाला मारक असतो. ग्लास फ्रीझरमध्ये गोठवायची सवयही सोडा. आतल्या बर्फाच्या कणांवर गॅस एकदम सुटतो, मोठ्या बुडबुड्यांचा फेस उसळतो आणि बसतो. ओतण्याआधी गार पाण्याने खळबळून ओला ठेवलेला ग्लास सगळ्यात चांगला.

३. ओतणं

फेस येऊ नये म्हणून ग्लास शेवटपर्यंत तिरका धरणारे पुष्कळ असतात, आणि नंतर तेच फेस नाही म्हणतात. ग्लास ४५ अंशात तिरका धरून निम्मा भरा, मग सरळ करा आणि बाटली थोडी उंच नेऊन मधोमध ओता. दोन ते तीन सेंटिमीटर फेस हवा. गव्हाच्या बिअरला याहून जास्त शोभतो.

फार गार बिअर, म्हणजे दोन-तीन अंशांची, गॅस धरून ठेवते आणि फेस देत नाही. फार कोमट बिअर एकदम उसळते. ५ ते ८ अंशांच्या दरम्यान दोन्ही गोष्टी जमतात.

४. गॅस

बाटलीत साखर घालून गॅस तयार करणाऱ्यांच्या बाबतीत फेस न येण्याचं खरं कारण बहुधा इथे सापडतं. बिअरमधला गॅस “व्हॉल्यूम” या मापात मोजतात: एक लिटर बिअरमध्ये एक लिटर गॅस विरघळला असेल तर एक व्हॉल्यूम. बहुतेक फिकट एल (कोमट तापमानाला आंबवलेली बिअर) आणि लागर (थंड तापमानाला आंबवलेली) यांना २.४ ते २.६ व्हॉल्यूम लागतात, गव्हाच्या बिअरला ३ च्या पुढे. २ च्या खाली गेलात तर फेसाची फार आशा धरू नका.

आंबवण संपल्यावर बिअरमध्ये थोडा गॅस आधीच असतो. किती, ते तापमानावर ठरतं: १५ अंशांना सुमारे १.०, १८ अंशांना ०.९२, २० अंशांना ०.८६, २४ अंशांना ०.७८ व्हॉल्यूम. इथे एक सापळा आहे. आंबवण संपल्यानंतर बिअर ज्या सर्वांत जास्त तापमानाला राहिली, तेच तापमान हिशेबात धरायचं. बाटलीत भरण्याआधी दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवलेल्या बिअरमध्ये आपोआप जास्त गॅस येत नाही, कारण आधी उडून गेलेला गॅस परत कुठून येणार?

उरलेला गॅस साखरेतून मिळवायचा. साधी साखर लिटरला सुमारे ४ ग्रॅम घातली की एक व्हॉल्यूम मिळतो. २० लिटर बिअर, २० अंश, लक्ष्य २.५ व्हॉल्यूम: २.५ मधून ०.८६ गेले, राहिले १.६४. त्याला ४ ने आणि २० ने गुणा, साधारण १३० ग्रॅम. डेक्स्ट्रोज (ग्लुकोज साखर) वापरत असाल तर दहा टक्के जास्त घ्या. चमच्याने मोजू नका, वजन करा.

साखर २०० मिली पाण्यात पाच मिनिटं उकळा, बाटली भरायच्या बादलीच्या तळाशी ओता आणि त्यावर बिअर सायफनने सोडा. नळीचं टोक तळाला टेकलेलं आणि कडेला वळलेलं ठेवा, म्हणजे बिअर गोल फिरत भरते, शिंपडत नाही. भरून झाल्यावर निर्जंतुक केलेल्या मोठ्या चमच्याने अगदी हळू दोन-तीन वेळा ढवळा. साखर नीट मिसळली नाही तर एक बाटली निपचित आणि दुसरी कारंजं, असा प्रकार होतो. प्रत्येक बाटलीत वर अडीच ते तीन सेंटिमीटर जागा सोडा.

आता इशारा, आणि तो गांभीर्याने घ्या: आंबवण पुरतं संपण्याआधी बाटली भरू नका. हायड्रोमीटरचं माप तीन दिवस जसंच्या तसं राहिलं पाहिजे. राहून गेलेली साखर आणि वर घातलेली साखर मिळून काचेची बाटली फोडू शकतात. फेस वाढावा म्हणून अंदाजाने जास्त साखर घालणंही याच कारणासाठी धोक्याचं.

भरलेल्या बाटल्या २० ते २२ अंशांना दोन आठवडे ठेवा. थंड खोलीत तीन-चार आठवडेही लागतात. प्रत्येक बॅचमध्ये एक बाटली प्लॅस्टिकची भरा. ती दाबून पाहिली की आत गॅस किती झाला ते न उघडता कळतं. पिण्याआधी बाटली किमान २४ तास, जमल्यास ४८ तास फ्रीजमध्ये उभी ठेवा. बाटलीच्या गळ्यात साचलेला गॅस बिअरमध्ये विरघळायला हा वेळ लागतो. दोन तास गार करून उघडलेली बाटली फुसकन आवाज करते, पण ग्लासात मरगळलेली असते.

केग वापरत असाल तर ४ अंशांना १२ पीएसआय, म्हणजे सुमारे ०.८ बार, दाब लावून आठ-दहा दिवस थांबा, २.५ व्हॉल्यूमच्या आसपास पोहोचाल. केग आडवा करून तासभर हलवला की काम एका दिवसात होतं, हे खरं आहे. पण तेवढा वेळ आत फेस होत राहतो आणि प्रथिन खर्च होत राहतं. थांबा. नळातून नुसता फेसच येत असेल तर त्याला चांगला फेस समजू नका. गॅस वाटेतच निघून चालला आहे. या दाबाला सुमारे ५ मिमी आतील व्यासाची नळी तीन मीटर लांब असावी, आणि नळ बिअरइतकाच थंड असलेला बरा.

५. भांडी, नळ्या, बाटल्या

ग्लासचा नियम इथेही लागू. फर्मेंटर आणि बाटल्या वासाच्या साबणाने धुऊ नका. सोडियम परकार्बोनेट किंवा धुण्याचा सोडा वापरा आणि भरपूर पाण्याने खळबळा. लेबल काढायला तेल लावलेल्या बाटल्या, जेवण शिजवण्याचं भांडं, रबरी बुचांना किंवा केगच्या रिंगांना सढळ हाताने फासलेलं वंगण, या जागा तपासा. वंगण रिंगवर बोटाने पुसटसं लावायचं असतं, आत ओघळेल इतकं नाही.

उकळताना उतू जाऊ नये म्हणून घालतात ते फेसरोधक थेंब चालतात. आंबवण्याच्या भांड्यात घातले तर एका परीने हितकारकही ठरतात, कारण तिथे फेस होत नाही आणि प्रथिन वाचतं. हे द्रव्य यीस्टबरोबर खाली बसतं. मात्र बाटली भरताना तळाचा गाळ बिलकूल उचलू नका, नाहीतर तेच द्रव्य ग्लासात येईल.

६. यीस्ट

ग्लास स्वच्छ, गॅस बरोबर, तरी फेस कोसळतो. अशा वेळी बहुतेक जण माल्टवर संशय घेतात. माझं मत असं की आधी यीस्टकडे पाहावं.

यीस्ट उपाशी किंवा थकलेलं असलं की ते प्रोटीनेज-ए नावाचं एन्झाइम बिअरमध्ये सोडतं. ते फेसाची प्रथिनं कापतं. कारखान्यातल्या पाश्चराइज केलेल्या बिअरमध्ये उष्णतेने ते निकामी होतं, घरच्या बिअरमध्ये ते बाटलीतही काम करत राहतं. महिन्याची असताना सुरेख फेस देणारी बाटली पाचव्या महिन्यात निष्प्राण का होते, याचं हे एक मोठं कारण. मेलेल्या यीस्टमधून स्निग्धाम्लंही बाहेर पडतात, म्हणजे दुहेरी नुकसान.

म्हणून:

यीस्ट पुरेसं घाला. एलसाठी दर मिलीलिटरला, दर अंश प्लेटोला (वर्टमधल्या साखरेचं माप), ७.५ लाख पेशी हा रूढ ठोकताळा आहे. १.०४८ गुरुत्वाच्या २० लिटर वर्टला त्या सुमारे १८० अब्ज होतात. ११.५ ग्रॅमचं ताजं कोरडं पाकीट एवढ्याला पुरतं. लागरसाठी दुप्पट घ्या.

द्रव यीस्ट असेल तर थंड झालेल्या वर्टमध्ये हवा खेळवा. यीस्टला नव्या पेशींच्या पटलासाठी प्राणवायू लागतो. हवा पंपाने आणि बारीक छिद्रांच्या दगडाने द्यायची असेल तर थोड्या थोड्या वेळाने द्या. वर फेसाचा डोंगर चढू देऊ नका.

तापमान सांभाळा. एल १८ ते २० अंशांना चांगली आंबते. पहिले तीन दिवस ती २५ च्या पुढे गेली तर जड अल्कोहोलं वाढतात. ती फेसाला बाधतात.

फर्मेंटरमध्ये वर २० ते २५ टक्के जागा रिकामी ठेवा. नळीतून बाहेर वाहून गेलेला फेस म्हणजे बाहेर वाहून गेलेलं प्रथिन आणि कडवटपणा.

आंबवण संपल्यावर बिअर गाळावर फार दिवस ठेवू नका. भरल्यापासून तीन-चार आठवड्यांत बाटलीत किंवा केगमध्ये घ्या. गॅस तयार झालेल्या बाटल्या थंड जागी ठेवा, गारव्यात ते एन्झाइम मंदावतं.

१.०७० च्या वरच्या कडक बिअरकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. अल्कोहोल स्वतःच फेसाला मारक असतं आणि अशा वर्टमध्ये यीस्टवर ताणही जास्त येतो. तिथे यीस्ट भरपूर घालणं, एवढंच आपल्या हातात आहे.

७. उकळणं, हॉप्स आणि गाळ

खळखळून ६० मिनिटं उकळा. मंद आचेवर प्रथिनं नीट उलगडत नाहीत आणि नको असलेली गोळा होऊन खाली बसत नाहीत. दोन-अडीच तास उकळत ठेवलं तर हवी असलेलीही गोळा होऊन जातात.

कडवटपणा निदान २० आयबीयू (कडवटपणाचं माप) असू द्या, जाळी हवी असेल तर. १० टक्के अल्फा आम्लाचे (हॉप्समधलं कडू द्रव्य) २० ग्रॅम हॉप्स ६० मिनिटं उकळले की २० लिटरला साधारण २४ मिळतात. नुसते शेवटच्या पाच मिनिटांना हॉप्स घालून हा आकडा गाठायला खूपच जास्त हॉप्स लागतात.

आच बंद केल्यावर वर्ट गोल ढवळा आणि १५-२० मिनिटं स्थिर ठेवा. मध्ये जमलेल्या ढिगाऱ्यात प्रथिनांबरोबर धान्यातली चरबीही असते. तो ढिगारा भांड्यातच राहू द्या. शेवटच्या अर्ध्या लिटरचा मोह धरून सगळं फर्मेंटरमध्ये उपडं करू नका.

बिअर स्वच्छ दिसावी म्हणून पपेन हे प्रथिनं कापणारं एन्झाइम घालत असाल तर ते बंद करा. ते धुकं घालवतं आणि त्याच दातांनी फेसही खातं.

८. मॅश

जुन्या पद्धतीने शिकलेले लोक ५० अंशांना अर्धा तास थांबायला सांगतात. आजचं माल्ट तयार होतानाच त्यातली प्रथिनं हवी तेवढी तुटलेली असतात. त्यांना आणखी अर्धा तास कापत बसलात तर फेसाला लागणारे मध्यम आकाराचे तुकडेही बारीक होतात. थेट ६६ ते ६७ अंशांना ६० मिनिटं ठेवा. न मोडवलेला गहू किंवा जव पाव हिश्शाहून जास्त असेल आणि मॅश चिकट होत असेल, तरच आधी ५५ अंशांना दहा-पंधरा मिनिटं द्या.

तापमान वाढवता येत असेल तर नंतर ७२ अंशांना १५ ते २० मिनिटं थांबा आणि ७६ अंशांवर संपवा. ७२ चा थांबा फेसाला चांगला मानतात, आणि त्याला फक्त वेळ लागतो.

मॅशचा पीएच, नमुना खोलीच्या तापमानाला आणून मोजलेला, ५.३ ते ५.५ असावा. पहिला गढूळ वर्ट परत धान्यावर ओता, दोन ते चार लिटरनंतर तो स्वच्छ वाहू लागतो. धान्य धुण्याचं पाणी ७७ अंशांच्या वर नको. खाली येणाऱ्या वर्टचं गुरुत्व १.०१० वर आलं की थांबा. त्यानंतरच्या पाण्यात साखर थोडी येते आणि सालीतलं नको ते जास्त.

९. माल्ट

आता गहू. २० लिटरच्या बॅचला साडेचार किलो धान्य असेल, तर त्यातलं ३५० ते ४०० ग्रॅम गव्हाचं माल्ट करा. चवीत फारसा फरक न पडता फेस भरतो. त्याऐवजी २५० ते ३०० ग्रॅम जवाचे पोहे चालतात. त्यातल्या बीटा-ग्लुकनने बिअर किंचित दाट होते आणि फेस हळू निथळतो. फक्त बिअर थोडी धूसर होईल. काळ्या बिअरमधलं भाजलेलं माल्टही फेसाला बळ देतं. माल्ट अर्कापासून बिअर करणाऱ्यांनी अर्ध्या किलो अर्काच्या जागी गव्हाचा अर्क घ्यावा, किंवा २५० ग्रॅम डेक्स्ट्रिन माल्ट ६७ अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवून ते पाणी वापरावं.

साखर, तांदूळ आणि मका यांतून फेसाचं प्रथिन जवळजवळ येत नाही, ते फक्त बाकीचं पातळ करतात. साखर दहा टक्क्यांच्या आत ठेवा.

नारळ, शेंगदाणे, कोकोच्या बियांचे तुकडे घातलेली बिअर करायची असेल तर चरबी येणारच हे गृहीत धरा. चव हवी असेल तर चरबी काढलेली कोको पावडर वापरा, नारळ भाजून त्याचं सुटलेलं तेल कागदाने टिपून घ्या, कॉफी कागदी गाळणीतून गाळून घाला.

१०. वरून घालायच्या गोष्टी

कारखान्यांत प्रोपिलीन ग्लायकॉल अल्जिनेट, म्हणजे ई-४०५, हे समुद्री शेवाळापासून बनवलेलं स्थिरक वापरतात. लिटरला ४० ते ८० मिलिग्रॅम एवढी त्याची मात्रा असते. घरी त्याची गरज पडू नये. धातूंचे क्षार मात्र कोणाच्याही सांगण्यावरून घालू नका. १९६० च्या दशकात काही कारखाने फेस टिकावा म्हणून कोबाल्टचे क्षार घालत होते. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये १९६५-६६ साली ती बिअर भरपूर पिणाऱ्यांना हृदयाच्या स्नायूंचा आजार झाला आणि त्यात माणसं दगावली.

स्टाउट या काळ्या बिअरवरचा साईसारखा फेस हा वेगळाच प्रकार. तो नायट्रोजनचा. नायट्रोजन बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पन्नास पट कमी विरघळतो, त्यामुळे लहान बुडबुड्यातून मोठ्यात झिरपण्याची वाटच जवळजवळ बंद होते. गिनेस या बिअर कंपनीत मायकेल अ‍ॅश यांनी १९५९ साली ही पद्धत बसवली. घरी करायचं तर ७५ टक्के नायट्रोजन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर, बारीक छिद्रांची चकती असलेला नळ आणि ३० ते ३५ पीएसआय दाब लागतो. बिअरमध्ये गॅस १.२ व्हॉल्यूमच्या आसपासच ठेवायचा. साध्या नळाने हे होत नाही.

लक्षणावरून कारण

*पहिला ग्लास चांगला, त्यातच पुन्हा ओतल्यावर फेस नाही:* काठावर ओठांची किंवा खाण्याची चरबी लागली आहे. तेलकट काही खात असाल तर हे होणारच.

*एकाच बॅचमध्ये काही बाटल्या चांगल्या, काही निपचित:* साखर नीट मिसळली नाही किंवा झाकणं घट्ट बसली नाहीत. निपचित बाटल्या आडव्या ठेवून गळते का पाहा. गळत नसतील तर गरम खोलीत आणखी एक आठवडा द्या.

*फेस येतो, मोठ्या बुडबुड्यांचा, आणि सिसकारत बसतो:* गॅस जास्त किंवा बिअर कोमट. आधी गार करून बघा.

*फेस टिकतो, पण जाळी नाही:* कडवटपणा कमी, किंवा ग्लास अर्धवट स्वच्छ.

*सुरुवातीला चांगली असलेली बॅच दोन-चार महिन्यांत फेस गमावते:* यीस्ट. सहावी पायरी पुन्हा वाचा आणि उरलेल्या बाटल्या आजच फ्रीजमध्ये हलवा.

*झाकण उघडताच बिअर कारंज्यासारखी बाहेर येते:* सगळ्या बाटल्यांत तसं होत असेल आणि चव पातळ, आंबूस लागत असेल तर रानटी यीस्ट किंवा जंतू शिरले आहेत. चव ठीक असेल तर साखर जास्त झाली किंवा आंबवण अर्धवट राहिलं. दोन्ही बाबतींत दाब दिवसागणिक वाढत जातो. उरलेल्या बाटल्या लगेच थंड करा, आणि उघडताना जाड टॉवेलमध्ये गुंडाळून, तोंड चेहऱ्यापासून दूर धरून, झाकण थोडं थोडं सैल करा.